वाचक कोणत्या वाटेनें आला?

वाङ्मयाचा इतिहास लिहितांना ग्रंथ कोणी लिहिला, केव्हां लिहिला आणि त्यांत काय सांगितलें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें देऊन आपण थांबतों. तो ग्रंथ वाचकाच्या हातीं कोणत्या वाटेनें पडला, हा चवथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ती बाब विक्रेत्याची किंवा फार तर प्रकाशकाची, असें समजून टीकाकार तिच्याकडे पाठ फिरवितो. परंतु वाट आणि मजकूर यांचा संबंध फार जवळचा आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत 'दर्पण' काढलें, तेव्हां त्याच्या पानावर इंग्रजी व मराठी मजकूर शेजारीं शेजारीं छापला. कारण त्यांस दोन दिशांनीं येणारे दोन निरनिराळे वाचक दिसत होते. का. र. मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला. सणाच्या दिवसांत घरीं निवांत बसलेला वाचक हा त्या अंकाचा खरा धनी होता; आणि त्या एका वाटेनें मराठी कथेस व कवितेस पुढें केवढें क्षेत्र मिळालें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

गेल्या तीन-साडेतीन दशकांत छापील कागदाच्या जोडीला महाजाल उभें राहिलें, आणि तेथें हा चवथा प्रश्न पहिल्या तिन्ही प्रश्नांस मागें सारून पुढें आला. याचें कारण उघड आहे. मासिकाचा अंक वर्गणीदाराच्या घरीं चालत जातो. संकेतस्थळ मात्र आहे त्या जागींच राहतें आणि वाचकासच त्याच्याकडे यावें लागतें. रानांतल्या घराचें बांधकाम कितीहि चांगलें असो, त्याकडे पायवाट नसेल तर आंत दिवा लावून बसणाऱ्यास रात्रभर एकट्यानेंच बसावें लागतें. म्हणून संकेतस्थळावर लिहिणारा प्रत्येक मनुष्य, मग तो कवि असो, व्यापारी असो वा वृत्तपत्राचा संपादक असो, दोन कामें एकदम करीत असतो : तो लिहितो, आणि वाटा पाडतो. या दोन कामांचा एकमेकांवर काय परिणाम झाला, कोणत्या वाटेनें मजकुरास कसें वळण दिलें, हें महाजालाच्या अल्प इतिहासाच्या आधारें पाहावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या इतिहासाचा आरंभ जिनीव्हाजवळच्या 'सर्न' या अणुसंशोधन-संस्थेंत झाला. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञानें मार्च १९८९ मध्यें तेथील वरिष्ठांपुढें एक टिपण ठेवलें. देशोदेशींचे शास्त्रज्ञ तेथें येत, कामें करीत व निघून जात. त्यांचे कागद मात्र निरनिराळ्या संगणकांत अडकून पडत. ते एकमेकांशीं दुव्यांनीं जोडावे, ही त्या टिपणांतली मूळ कल्पना. ऑगस्ट १९९१ मध्यें त्यानें ही योजना बाहेरच्या जगास कळविली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं 'सर्न'नें तिच्यावरील हक्क सोडून ती सर्वांस मोफत खुली केली. ही शेवटची तारीख इतिहासाच्या विद्यार्थ्यानें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कोणीहि कोणाची परवानगी न घेतां पान उभारावें आणि कोणाच्याहि पानाकडे दुवा द्यावा, त्यास जकात नाहीं, असा व्यवहार त्या दिवसापासून कायम झाला. पुढें जे जकातनाके आपणांस भेटणार आहेत, ते सर्व या बिनजकातीच्या रस्त्यावर मागाहून बसले.

पहिली वाट शेजाऱ्याची होती. नवीं संकेतस्थळें इतकीं थोडीं कीं त्यांची यादी मनुष्यास हातानें ठेवतां येई. बर्नर्स-लीनें स्वतः अशी यादी ठेविली. पुढें इलिनॉय विद्यापीठांत 'मोझाइक' हें पानें पाहण्याचें साधन तयार झालें, तेव्हां १९९३ सालीं तेथील मंडळींनीं नव्या स्थळांची वार्ता देणारें एक पानच चालविलें. ज्यास दुसऱ्याचें लेखन आवडे तो आपल्या पानावर त्याचा दुवा देई, आणि वाचक त्या दुव्यानें पुढच्या घरीं जाई. केंब्रिजच्या संगणक-प्रयोगशाळेंतील एक गंमतीची गोष्ट या काळाचा स्वभाव चांगला दाखविते. वरच्या मजल्यावरून कॉफी घ्यावयास उतरावें आणि भांडें रिकामें सांपडावें, या त्रासास कंटाळून तेथील संशोधकांनीं १९९१ सालीं त्या भांड्यावर एक कॅमेरा रोखून ठेविला. १९९३ च्या नोव्हेंबरांत तें चित्र महाजालावर गेलें, आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक केंब्रिजच्या कॉफीचें भांडें भरलें आहे कीं नाहीं तें पाहूं लागले. २००१ च्या ऑगस्टांत कॅमेरा बंद झाला आणि भांड्याचा लिलांव होऊन तें एका जर्मन वृत्तपत्रसंस्थेनें ३,३५० पौंडांस घेतलें. त्या चित्राची कोणी जाहिरात केली नव्हती, कीं त्यावर कोणास पैसा मिळवावयाचा नव्हता. एकानें दुसऱ्यास सांगितलें एवढेंच. या वाटेनें येणारा वाचक थोडा असे, पण तो कोणाच्या तरी शब्दावर विश्वासून येई, आणि म्हणून थोडा वेळ थांबे.

वस्ती वाढली तशी शेजाऱ्याची ओळख अपुरी पडूं लागली आणि सूचिकार आला. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील जेरी यांग व डेव्हिड फायलो या दोघां विद्यार्थ्यांनीं १९९४ च्या आरंभीं आपल्या आवडत्या स्थळांची विषयवार यादी केली. तीच पुढें 'याहू' या नांवानें प्रसिद्ध झाली. ग्रंथपालानें कपाटें लावावीं त्याप्रमाणें तेथील माणसें प्रत्येक स्थळ उघडून पाहत, त्यास योग्य त्या शीर्षकाखालीं बसवीत आणि एका ओळींत त्याचें वर्णन करीत. १९९८ सालीं स्वयंसेवकांनीं चालविलेली तशीच एक खुली सूची निघाली. या वाटेनें मजकुरास एक शिस्त लावली : आपलें स्थळ नेमकें कशाविषयीं आहे हें एका वाक्यांत सांगतां न येणाऱ्यास सूचींत जागा मिळणें कठीण. परंतु मनुष्याच्या हातास मर्यादा आहे. पानें लाखांनीं वाढलीं, सूचिकार मागें पडले. 'याहू'ची सूची २०१४ च्या अखेरीस व स्वयंसेवकांची सूची मार्च २०१७ मध्यें बंद झाली. तत्पूर्वीं बरींच वर्षें वाचकांनीं ती वाट सोडलेली होती.

याच काळांत आणखी दोन गोष्टी घडल्या, आणि त्यांचे परिणाम आजवर पोहोंचले आहेत. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं 'हॉटवायर्ड' या अमेरिकन नियतकालिकानें आपल्या संकेतस्थळावर टेलिफोन कंपनी इत्यादिकांच्या जाहिरातींच्या आडव्या पट्ट्या लाविल्या. त्या दिवसापासून आलेला प्रत्येक वाचक मोजला जाऊं लागला व त्याची किंमत ठरूं लागली. दुसरी गोष्ट 'जिओसिटीज'ची. सामान्य माणसास फुकट जागा देऊन तिच्या आळ्या व मोहल्ले पाडणारी ही वसाहत १९९४ सालीं सुरू झाली. लक्षावधि लोकांनीं तेथें आपलीं घरकुलें बांधिलीं : कोणी आपल्या गांवाविषयीं लिहिलें, कोणी आवडत्या गायकाविषयीं, कोणी आजीच्या हातच्या पदार्थांविषयीं. शेजारपाजारच्या आळींतून वाचकहि येत. १९९९ सालीं 'याहू'नें ही वसाहत साडेतीनशें कोटींहून अधिक डॉलरांस विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्यें मोडून टाकली. हौशी संग्राहकांनीं धांवपळ करून त्यांतला कांहीं भाग वांचविला, बाकीचा गेला. दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या घरांतून निघण्याची नोटीस केव्हांहि येते, हा धडा महाजालास प्रथम येथें मिळाला. पण, पुढें दिसेल त्याप्रमाणें, तो फारसा कोणी घेतला नाहीं.

तिसरी वाट शोधयंत्राची. डिसेंबर १९९५ मध्यें निघालेलें 'अल्टाव्हिस्टा' हें यंत्र पानांतला शब्द न् शब्द वाची आणि ज्या पानांत विचारलेला शब्द अधिक ठळकपणें आढळे तें पुढें करी. यंत्र शब्द मोजतें हें कळतांच लेखक शब्द पेरूं लागले. एकच शब्द शंभर वेळां लिहावा, आणि वाचकाच्या डोळ्यांस खुपूं नये म्हणून पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत लिहावा, असले प्रकार सुरू झाले. त्यावर उपाय स्टॅनफर्डच्याच लॅरी पेज व सर्गे ब्रिन या दोघां विद्यार्थ्यांनीं काढला, आणि १९९८ सालीं 'गूगल' कंपनी स्थापन झाली. त्यांची युक्ति आम्हां अध्यापकांच्या परिचयाची आहे. विद्वानांच्या जगांत ज्या ग्रंथाचा आधार इतर ग्रंथकार वारंवार घेतात तो ग्रंथ थोर समजला जातो, आणि आधार घेणारा स्वतः थोर असेल तर त्याच्या शब्दास अधिक वजन असतें. त्यांनीं दुव्यांस हीच कसोटी लाविली. म्हणजे शेजाऱ्यानें शेजाऱ्याविषयीं प्रेमानें टाकलेला शब्द आतां यंत्राच्या हिशेबांत मत म्हणून मोजला जाऊं लागला. त्याच वर्षीं त्या दोघांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, जाहिरातींवर पोसलेलें शोधयंत्र वाचकाच्या गरजेपेक्षां जाहिरातदाराकडे झुकण्याचा धोका त्यांनीं स्पष्ट शब्दांत दाखविला होता. ऑक्टोबर २००० मध्यें त्यांच्याच कंपनीनें शोधांच्या उत्तरांशेजारीं जाहिराती विकण्यास आरंभ केला. यांत आम्ही कोणास दोष देत नाहीं. संस्थेस पोट असतें, व तें भरावें लागतें.

शोधयंत्राच्या राज्यांत लेखकाची जी अवस्था झाली तिला परीक्षार्थ्याची उपमा शोभेल. विद्यार्थी विषय समजून घेण्यासाठीं वाचूं लागतो. परीक्षा जवळ आली कीं तो परीक्षकाचा स्वभाव वाचूं लागतो. आणि शेवटीं मूळ ग्रंथ बाजूस सारून बाजारांतील मार्गदर्शकें घेऊन बसतो. महाजालावर नेमकें हेंच झालें. दुव्यांस मोल आहे हें कळतांच दुवे विकत मिळूं लागले. केवळ दुवे देण्याघेण्यासाठीं पोकळ स्थळांचे मळे उभे राहिले. मोठे लोकहि मोहांतून सुटले नाहींत. फेब्रुवारी २००६ मध्यें बी.एम.डब्ल्यू. या मोटारकंपनीचें जर्मन संकेतस्थळ 'गूगल'नें आपल्या सूचींतून काढून टाकलें. कारण यंत्रास दाखविण्याकरितां तेथें शब्दांनीं भरलेलीं निराळीं पानें ठेविलीं होतीं. तीं पानें काढल्यावर कांहीं दिवसांनीं त्यास पुन्हां प्रवेश मिळाला. २००३ सालापासून 'गूगल' लहानसहान स्थळांवरहि जाहिराती लावून त्यांस उत्पन्नाचा वांटा देऊं लागलें, आणि लोक काय विचारतात तें पाहून त्या प्रश्नाबरहुकूम मजकूर पाडण्याचे कारखाने निघाले. 'डिमांड मीडिया' ही त्यांतली सर्वांत गाजलेली कंपनी. जानेवारी २०११ मध्यें तिचे भाग बाजारांत आले. पुढच्याच महिन्यांत 'गूगल'नें आपल्या क्रम लावण्याच्या पद्धतींत फेरफार केला व तो 'पांडा' या नांवानें प्रसिद्ध झाला. अमेरिकेंतील सुमारें १२ टक्के शोधांच्या उत्तरांवर त्याचा परिणाम झाला, असें कंपनीनेंच जाहीर केलें. कारखान्यांचे वाचक आटले आणि त्यांचा धंदा बसला. परीक्षकानें प्रश्नपत्रिकेची धाटणी बदलली कीं मार्गदर्शकें रद्दींत जातात, त्यांतलाच हा प्रकार.

वाचक आणणें व वाचक राखणें हीं दोन निराळीं कामें आहेत, हें या काळाच्या आणखी एका प्रकरणावरून दिसतें. ॲलेक्स ट्यू या इंग्रज विद्यार्थ्यानें २००५ च्या ऑगस्टांत एक पान उभारलें. त्यावर मजकूर कांहींच नव्हता. दहा लक्ष सूक्ष्म ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याची जागा एका डॉलरास विकावयाची होती. कल्पना नवी म्हणून वर्तमानपत्रांनीं ती उचलली, वर्तमानपत्रांमुळें लोक आले, लोक येतात म्हणून जाहिरातदार आले, आणि पांच महिन्यांच्या आंत सगळी जागा विकली गेली. त्याचें अनुकरण करणारीं पुष्कळ पानें निघालीं. त्यांच्याकडे कोणी फिरकलें नाहीं. मूळ पानावरचे कित्येक दुवेहि पुढें मृत झाले. कुतूहलाची वाट एकदांच चालतां येते, आणि त्या वाटेवर दुसऱ्यास पाऊल ठेवतां येत नाहीं.

आतां या सर्व काळांत मराठी मजकूर कोठें होता, हें पाहूं. भारतांत सामान्य लोकांस इंटरनेटची सोय १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें करून दिली. १९९६ सालीं 'मायबोली' हें मराठी संकेतस्थळ निघालें. वृत्तपत्रेंहि लवकरच महाजालावर आलीं. परंतु शोधयंत्राची वाट मराठीस बराच काळ बंद होती, आणि तिचें कारण मजकुरांत नसून अक्षरांत होतें. प्रत्येक वृत्तपत्र व प्रत्येक मुद्रणसंस्था आपापला निराळा टंक वापरी. त्या टंकांत 'क' च्या जागीं वस्तुतः एखादें रोमन अक्षर नोंदलेलें असे व केवळ त्याचा आकार देवनागरी दिसे. ज्या वाचकाच्या संगणकांत तो टंक नसे त्यास पानभर अर्थहीन रोमन अक्षरें दिसत. आणि शोधयंत्रास टंकाचें सोंग कळत नसल्यामुळें त्यास तर नेहमींच तसें दिसे. दुकान उघडें होतें, माल उत्तम होता. पण दारावरची पाटी कोणास वाचतां येत नव्हती. म्हणून त्या काळचा मराठी वाचक मित्रांच्या ई-पत्रांतून, महाराष्ट्र मंडळांच्या ओळखींतून, तोंडोतोंडीं आलेला असे. पहिली शेजाऱ्याची वाट इंग्रजींत ओस पडूं लागली होती, तेव्हां मराठी तिच्यावरच चालत होती.

गंमत अशी कीं या अडचणीवरचा तोडगा आधींच निघालेला होता. जगांतील सर्व लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास एक कायमचा क्रमांक देणारी 'युनिकोड' ही योजना १९९१ सालींच प्रसिद्ध झाली, आणि तिच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरी होती; ती मांडणीहि भारतांत १९८८ सालीं ठरलेल्या प्रमाणावर बसविली होती. परंतु ती सोय सामान्य माणसाच्या संगणकांत उतरावयास २००० साल उजाडलें, आणि अंगवळणीं पडावयास त्यापुढें आणखी कांहीं वर्षें गेलीं. १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्रदिनीं, मराठी विकिपीडिया सुरू झाला तो या सामायिक अक्षरांत. तेव्हांपासून मराठींत विचारलेल्या प्रश्नास मराठींत लिहिलेलें पान सांपडूं लागलें. जुन्या टंकांतला जो मजकूर नव्या अक्षरांत उतरविला गेला नाहीं तो मात्र असून नसल्यासारखा झाला. चांगल्या मजकुराचाहि निरुपाय कसा होतो, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

चवथी वाट बाजाराची, म्हणजे समाजमाध्यमांची. तिच्या आधीं एक सभ्य पाऊलवाट निघाली होती : वाचकानें आपल्या आवडीचीं स्थळें निवडावीं आणि तेथें नवें कांहीं आलें कीं यंत्रानें तें त्याच्यापुढें आणून ठेवावें. मासिकाची वर्गणी भरण्यासारखाच हा प्रकार. 'गूगल'चें या कामाचें साधन २००५ सालीं निघालें आणि १ जुलै २०१३ रोजीं बंद झालें. तोंपर्यंत बहुतेक वाचक 'फेसबुक'च्या चव्हाट्यावर गेले होते. चव्हाट्यावर आरोळी लागते. २०१२ सालीं निघालेल्या 'अपवर्दी' या स्थळानें मथळा अर्धवट सोडून वाचकाची उत्सुकता ताणण्याची कला परिपूर्ण केली, आणि पाहतां पाहतां अनेक प्रतिष्ठित संपादकहि तोच सूर लावूं लागले. ऑगस्ट २०१४ मध्यें 'फेसबुक'नें असल्या मथळ्यांस मागें टाकण्याचें ठरविलें. नंतर चलत्चित्रांचें वारें सुटलें. वृत्तसंस्थांनीं लेखक कमी करून चित्रफितींवर पैसा ओतला. आणि सप्टेंबर २०१६ मध्यें, लोक चित्रफिती सरासरी किती वेळ पाहतात याचा आपला आंकडा फुगलेला होता, असें त्याच कंपनीस कबूल करावें लागलें. जानेवारी २०१८ मध्यें तिनें वृत्तसंस्थांच्या मजकुराऐवजीं आप्तमित्रांच्या मजकुरास अग्रस्थान देण्याचें जाहीर केलें. नदीनें पात्र बदललें म्हणजे घाट कोरडे पडतात, तसे कित्येक वृत्तसंस्थांचे वाचक नाहींसे झाले. ज्यांनीं सगळा संसार त्या एकाच घाटावर मांडला होता त्यांस तो आवरावा लागला.

आमच्याकडे २०१६ च्या सप्टेंबरांत 'जिओ'चें आगमन होऊन इंटरनेट स्वस्त झालें, आणि मराठी मजकूर 'व्हॉट्सॲप'च्या वाटेनें घरोघरीं पोहोंचला. ज्या घरांत पूर्वीं वर्तमानपत्रावांचून दुसरें वाचन नव्हतें तेथें रोज सकाळीं चार उतारे येऊं लागले, हा लाभ लहान नाहीं. पण या वाटेची एक खोड आहे : मजकूर पोहोंचतो, लेखकाचें नांव वाटेंत गळतें. पु. ल. देशपांडे व व. पु. काळे यांनीं कधीं न लिहिलेले उतारे त्यांच्या नांवानें फिरतात, आणि हयात लेखकाचा लेख त्याच्याच घरीं अनामिक होऊन परत येतो. या वाटेनें वाचक लेखाकडे येत नाहीं. लेखच फुटून त्याच्याकडे जातो. त्यामुळें एक उतारा आवडला म्हणून त्या लेखकाचें दुसरें कांहीं वाचावें, ही जी वाचकाची स्वाभाविक पुढची पायरी, तीच येथें मोडलेली आहे.

पांचवी वाट आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. किंबहुना ती वाट आहे कीं भिंत आहे, हेंच अद्यापि ठरावयाचें आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' लोकांपुढें आलें. मे २०२४ मध्यें अमेरिकेंत व त्याच वर्षीं भारतांत 'गूगल'हि शोधांच्या शिरोभागीं यंत्रानें रचलेलें तयार उत्तर देऊं लागलें. याचा अर्थ समजण्यास एक जुना करार आठवावा लागेल. १९९४ सालीं मार्टाइन कोस्टर या गृहस्थानें असा संकेत सुचविला कीं प्रत्येक स्थळानें आपल्या दाराशीं एक लहान सूचनापत्र ठेवावें आणि कोणत्या खोल्यांत यंत्रांनीं शिरूं नये तें त्यांत लिहावें. कायद्याचें बळ नसतांहि सभ्य यंत्रें हा संकेत पाळीत आलीं. लेखकहि यंत्रास आनंदानें आंत घेत; कारण यंत्र मजकूर वाची व त्या मोबदल्यांत वाचक पाठवी. आतां यंत्र मजकूर वाचतें आणि वाचकास स्वतःच उत्तर देऊन दारांतूनच परत लावतें. पाहुणा आला नाहीं तर जाहिरात नाहीं, वर्गणी नाहीं, आणि लेखकाच्या नांवाची ओळखहि नाहीं. आजवरचे नाकेदार जकात घेत, पण वाटसरूस पुढें सोडीत. हा नवा नाकेदार वाटसरूस आपल्याच ओसरीवर जेऊं घालतो.

येथवर जो वृत्तान्त दिला त्यावरून वाचक मिळविण्याची खटपटच हीन आहे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाहीं. वाचकाची वाट पाहत अंधारांत बसण्यांत कांहीं विशेष पावित्र्य नाहीं. प्रश्न एवढाच कीं लेखक वाटा पाडतो, कीं वाटेचा मालक लेखकास पाडतो. याचें उत्तर देणारा एक दाखला पाहण्यासारखा आहे. महाजाल जन्मण्यापूर्वीं वीस वर्षें, ४ जुलै १९७१ रोजीं, मायकेल हार्ट या इलिनॉय विद्यापीठांतील विद्यार्थ्यानें अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकांत टंकून ठेविला आणि 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'चा पाया घातला. हक्काची मुदत संपलेले ग्रंथ अत्यंत साध्या अक्षरांत उतरवावे व कोणासहि फुकट द्यावे, हा त्याचा नेम. ते ग्रंथ आधीं विद्यापीठांच्या संगणकजाळ्यांतून गेले, मग चकत्यांवरून, मग महाजालावरून. सूचिकारांनीं ते दाखविले, शोधयंत्रांनीं ते दाखविले, वाचकांनीं एकमेकांस दिले. हार्ट २०११ सालीं वारला, पण संग्रह चालू आहे व त्यांत सत्तर हजारांहून अधिक ग्रंथ आहेत. कोणत्याहि एका दारासाठीं तो मजकूर घडविलेला नव्हता, म्हणून तो सर्व दारांतून जाऊं शकला. २००१ सालीं निघालेल्या विकिपीडियाचीहि गोष्ट अशीच. शोधयंत्रांनीं त्यास उदंड वाचक दिले हें खरें. पण त्यानें जाहिरात घेतली नाहीं, आणि आलेल्या वाचकांतूनच आपले लेखक व दाते निर्माण केले.

या दाखल्यांवरून मराठींत लिहिणाऱ्यानें आपल्यापुरता जो बोध घ्यावा तो फार अवघड नाहीं. मजकूर आपल्या स्वतःच्या जागीं, सर्वांस वाचतां येईल अशा सामायिक अक्षरांत, नांव व तारीख घालून ठेवावा; 'फेसबुक', 'व्हॉट्सॲप' आणि शोधयंत्रें या रस्त्यांचा मनमुराद उपयोग करावा, पण घर त्यांच्या जमिनीवर बांधूं नये; दुसऱ्याच्या चांगल्या लेखाचा दुवा हात आंखडता न घेतां द्यावा; आणि आलेल्या वाचकांपैकीं थोडे तरी पुढच्या वेळीं कोणाच्या शिफारशीवांचून, आपलें नांव आठवून येतील असें लिहावें. वर्गणीदार म्हणतात तो हाच. तीन-साडेतीन दशकांत पांच वाटा बदलल्या. त्या बदलांत ज्या थोड्या स्थळांचा वाचक टिकला त्यांच्यापाशीं असे लोक होते.

इंग्रजींत हें न झालें तरी त्या भाषेचें फारसें बिघडणार नाहीं. तिच्यांतला मजकूर अफाट आहे. मराठीची गोष्ट निराळी आहे. नवीं उत्तरयंत्रें जें कोणी आधीं लिहून खुलें ठेविलें आहे त्यावरच पोसलेलीं असतात. आमच्या गांवांचा इतिहास, आमच्या शेतींतले शब्द, आमच्या कारागिरांचीं हत्यारें, आमच्या नाटकमंडळ्यांच्या हकीकती यांवर मराठींत कोणी लिहिलें नसेल, किंवा लिहिलेलें जुन्या टंकांत कुजत पडलें असेल, तर उद्यां मराठी मूल जो प्रश्न विचारील त्याचें उत्तर त्यास इंग्रजीवरून उतरवून मिळेल, आणि आपल्या भाषेंत त्याहून अधिक कांहीं नव्हतेंच असें तें समजेल. वाचक आणण्याच्या युक्त्या शिकविणारे पुष्कळ आहेत. तो आल्यावर त्यास वाढावयास घरांत काय आहे, हें पाहण्याचें काम आमचें आहे, आणि तें दुसरा कोणी करणार नाहीं.